वीर माझ्याच हातात

गोदाकाठच्या बाजारात मी उभं आयुष्य कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. शाळा तिसरीपर्यंत. पण पाठ कशी होती ते तिथल्या कुठल्याही जुन्या हमालाला विचारा.

ती पाठ मोडली घरात. गॅसचं सिलिंडर सरकवायला वाकलो आणि कमरेत कट्कन झालं. धाकट्या भावाने दवाखान्यात नेलं. फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, मणका दबलाय. हाडं ठिसूळ झालीत."

"कशी होतील? रोज चुना खातो मी!"

"कशाबरोबर?"

"तंबाखूबरोबर. आणखी कशाबरोबर खातात?"

बाई म्हणाल्या, चुन्याचं राहू द्या, त्या तंबाखूनेच हाडं झिजतात. धाकटा तिथेच पोट धरून हसला.

आमच्याकडे धुळवडीला वीर काढतात. पूर्वजाचा चांदीचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून हलगीच्या तालावर नाचत रामकुंडावर आंघोळीला न्यायचा. घरातल्या थोरल्याने न्यायचा. वडील गेल्यापासून तो मान माझा. त्या वर्षी धाकट्याने भावकीसमोर माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"दादा, तू बस आता. म्हाताऱ्या बायकांचा आजार झालाय तुला. वाटेत मोडलास तर तुला उचलू का वीराला?"

सगळे हसले. माझी सूनसुद्धा, पदराआड. मी ओट्यावर बसलो आणि हलगी लांब जाताना ऐकली. तिथेच ठरवलं, वाटी परत घेईन, आणि तीही चारचौघांत.

तंबाखूची डबी गटारात फेकली. आठ दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. तलफ आली की भावाचं हसणं आठवायचो, तलफ जायची. नागलीची भाकरी, दूध, दही. दूध मला लहानपणापासून आवडत नाही, औषध म्हणून घशाखाली ढकललं. बाईंनी दिलेल्या गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत. सकाळी कोवळ्या उन्हात उघड्या पाठीने बसायचो, मग गोदाकाठाने चालायचो. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्याला जगायची हौस आली. कसली हौस! मला त्याची जिरवायची होती.

वर्षाने पुन्हा मशीनवर तपासलं. बाई म्हणाल्या, "झीज थांबलीये. दबलेला मणका काही उठणार नाही. चाला खुशाल, पण नाचायचं नाही, हिसका द्यायचा नाही."

धुळवडीला मी आंघोळ करून सगळ्यांच्या आधी देव्हाऱ्यासमोर उभा. धाकटा फेटा बांधून आला. त्याच्या देखत टाक वाटीत ठेवला आणि वाटी छातीशी धरली.

"दादा, नाचल्याशिवाय वीर कसा जाईल?"

"चालत जाईल. तुझ्या पायांत कळ आली तर ओट्यावर बस."

मग चुलती म्हणाली, "थोरला आहे तो. नेऊ दे त्याला." सून पुढे येऊन माझ्या कपाळाला गुलाल लावून गेली.

वीराच्या पुढे कुणी जायचं नाही, ही आमची रीत. ऊन भाजत होतं. मी एकेक पाऊल जपून टाकत होतो, मागे हलगीवाले ताल लांबवून लांबवून थकले. धाकट्याच्या फेट्यातून घाम गळत होता.

"दादा, जरा पाय उचल ना!"

मी वळून पाहिलं नाही. पाठ ठणकत होती, पण तेवढा वेग मला सहज जमला असता. मी मुद्दाम आणखी हळू चाललो.