सॅकवाल्यांचा वाढलेला मुक्काम

बंदरासमोरच्या त्या लॉजमध्ये तिला सगळे किल्लीबाई म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लीबाई. पाहुणे मात्र मावशी म्हणायचे. पाहुण्यांना परगावी हाताखाली राबणारी बाई दिसली की लगेच मावशी सापडते. मावशी म्हटलं की टॉवेल लवकर येतो. तिचं खरं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही आणि तिलाही ते सांगत सुटायची हौस नव्हती.

ती या लॉजवर कामाला लागली तेव्हा तिला भरलेली बादलीही धड उचलत नव्हती. त्या काळी लॉज चालवायच्या मोठ्या बाई. त्यांनी हातात फडकं द्यायच्या आधी तिला समोर उभं करून सांगितलं, "हे बघ पोरी, पाहुण्याला वाटलं पाहिजे की हे घर आपोआप चालतं. इथं कुणी आजारी पडत नाही, कुणी भांडत नाही, कुणाला झोप येत नाही. दुखणं दिसलं की पाहुणा पळतो, आणि पळाला की गावभर सांगतो."

हे तिनं असं गिळलं की पुढं अंगात ताप घेऊन ती जिने पुसायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "काही नाही, उन्हानं चेहरा लाल झालाय." आई गेल्याचा निरोप आला त्या दिवशी तिनं आधी सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलल्या आणि मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडली. याला लोक इमानदारी म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्या घरात चादरी दुसरंच कुणीतरी बदलतं, त्यांना हा शब्द फार आवडतो.

ती टाकीसुद्धा तिच्या संसाराची साक्षीदार. लॉजवर नवी टाकी चढवायची होती म्हणून बंदरावरून चेनपुली घेऊन चार गडी आले. त्यांच्यात क्रेन चालवणारा एक होता. टाकी चढली, बाकीचे गेले, हा तिथंच. "चहा मिळेल का?" चहा झाला. "पाणी?" पाणी झालं. मग जिन्यात उभा राहून त्यानं विचारलं, "अजून एखादी टाकी चढवायची नाही ना?" मोठ्या बाई वरून ओरडल्या, "टाकी नाही, पण ही एक पोरगी आहे. घेऊन जा म्हटलं तर नेणार नाहीस, इथंच येऊन राहशील!" झालंही तसंच.

त्यांना चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. लिफ्ट नाही, नळाला धार नाही. पण खिडकी भिंतभर, आणि खिडकीत अख्खं बंदर. क्रेनवाल्यानं पहिल्या दिवशी त्या खिडकीत उभं राहून पाहिलं तर त्याची क्रेन समोर, आणि तिची केबिन बरोबर डोळ्यांच्या रेषेत. "अगं, ही तर माझी केबिनच झाली," तो म्हणाला. "फरक एवढाच, की इथं चहा आयता मिळतो." माणूस उंचावर जगलेला. जमिनीवर त्याला करमायचं नाही. बाजारात गेला तरी मान वर करून चालायचा आणि लोकांना धडकायचा.

मग मोठ्या बाई गेल्या, त्यांचा पुतण्या मालक झाला, सगळे त्याला शेठ म्हणू लागले. आणि गावात सॅकवाले येऊ लागले. लॉजवर पाहुण्यांच्या दोन जाती. बॅगवाले म्हणजे चाकाची बॅग ओढत येणारे, लिफ्ट नाही म्हणून तोंड वाकडं करणारे. सॅकवाले म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी तरुण पोरं. ती चार मजले हसत चढतात, मोजे बेसिनमध्ये धुतात आणि खिडकी असली की जमिनीवरही झोपतात. कुणाला नको असलेली खोली एकदम सोन्याची झाली. तेव्हापासून रीत पडली: हंगामात किल्लीबाईनं नि तिच्या नवऱ्यानं खालच्या चादरींच्या खोलीत राहायचं, हंगाम संपला की वर जायचं. क्रेनवाला म्हणायचा, "सरकारी माणसासारखी आमची दरवर्षी बदली होते."

या वर्षी बदलीवर खाली आला तो मात्र खालीच अडकला. आयुष्यभर कोळशाची जहाजं उपसून त्याच्या छातीचा भाता झाला होता. चादरींच्या खोलीला खिडकी नाही, मोरीकडं उघडणारा झरोका तेवढा. ओल्या कापडाचा वास, चारही बाजूंना गठ्ठे. तिथं त्याचा दम असा वाढला की बसल्या जागी खांदे वरखाली व्हायचे. डॉक्टरांनी तपासलं, तपासायची नळी परत स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि किल्लीबाईला बाहेर नेऊन म्हणाले, "आता जे आवडतं ते करू द्या त्यांना."

याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळला. घरी आल्यावर तो म्हणाला, "मला वर ने. खिडकीत बसव. पुढं काय व्हायचं ते वरच होऊ दे, या गठ्ठ्यात नको."

"शेवटचे पाहुणे आहेत," ती म्हणाली. "परवा जाणार. ते गेले की लगेच."

ते शेवटचे पाहुणे म्हणजे एक जोडपं. दोघं फार लांबून आलेली, समुद्र जन्मात पाहिला नव्हता. नोकऱ्या सोडून वर्षभर फिरायला निघालेली. मुलगी बडबडी, मुलगा हसरा नि लाजरा. माणसं चांगली होती, अगदी लाख. उष्टा कप स्वतः विसळून ठेवायची, येताजाता क्रेनवाल्याला बाबा म्हणून हाक मारायची. सकाळी धक्क्यावर जाऊन मासळीचा लिलाव बघायची, लाँचमधून पलीकडच्या किनाऱ्यावर जायची, संध्याकाळी दिवे लागले की खिडकीत पाय सोडून बसायची. जायच्या आदल्या दिवशी मुलगी खाली आली आणि किल्लीबाईचा हात धरून म्हणाली, "मावशी, आमचा पायच निघत नाही हो! अजून थोडे दिवस राहिलो तर चालेल का? पण खरं सांगा हं, कुणाची अडचण नाही ना?"

आत, गठ्ठ्यांमागं, खोकला दाबल्याचा आवाज झाला.

"छे गं, अडचण कसली!" किल्लीबाई म्हणाली. वर हसलीसुद्धा.

तिनं शेठला फोन लावला. शेठ भला माणूस. जिथं स्वतःला तोशीस नाही तिथं तर फारच भला. "खोली तुमची आहे किल्लीबाई," तो म्हणाला, "तुम्हाला गैरसोय असेल तर बेलाशक नाही म्हणा. माझी काही सक्ती नाही." सक्ती कशाला करेल? या बाईच्या तोंडून पाहुण्याला नाही निघत नाही, हे त्याला तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

नवरा रात्रभर गठ्ठ्याला टेकून बसून होता. सकाळी चहा पिताना म्हणाला, "पोरांना बंदर आवडलं, नाही?"

"हो."

"आवडणारच. माझी नजर आहे त्यांना." मग दम घेऊन, "पण माझ्याकडं दिवस कमी आहेत गं. त्यांच्याकडं मोप आहेत."

ती पदरानं डोळे टिपत बाहेर आली तर समोर इस्त्रीवाला. लॉजच्या चादरींची इस्त्री तोच करायचा. जिन्याखाली त्याचं टेबल, त्यामुळं सगळं त्याच्या कानावर. "वहिनी, सरळ सांगून टाका ना त्यांना," तो म्हणाला. "चांगली पोरं आहेत."

"चांगली आहेत म्हणूनच. ऐकलं की त्याच पावली सॅक उचलतील."

"मग उचलू देत की!"

"आणि बाहेर काय सांगतील? लॉजवर माणूस शेवटचे श्वास मोजतोय म्हणून?"

"अहो, लॉज काय तुमच्या वडिलांचा आहे?" इस्त्रीवाल्यानं इस्त्री आदळली. "शेठला नाही तेवढी काळजी तुम्हाला! उद्या लॉज पडला तर तुम्ही खांब म्हणून उभ्या राहाल."

ती इस्त्री झालेल्या चादरी उचलू लागली. शेवटी तिनंच तोड काढली. जोडपं त्या दिवशी लाँचनं दीपगृह पाहायला निघालं होतं, संध्याकाळपर्यंत परतणार नव्हतं. तेवढ्या वेळापुरतं नवऱ्याला वर न्यायचं, खिडकीत बसवायचं, ते यायच्या आत खाली आणायचं. पाहुण्याच्या खोलीत पाहुण्यामागं पाय ठेवायचा तो झाडूपोछ्यापुरता, हा नियम तिनं जन्मभर पाळलेला. तो मोडायला ती तयार झाली. दोन शब्द बोलायला नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीत क्रेनवाला, मागून इस्त्रीवाला, पुढून खुर्चीचे पाय धरून किल्लीबाई. माणूस वाळून काडी झालेला, तरी जिना तो जिना. "हळू, हळू," क्रेनवाला धापा टाकत म्हणाला. "माल उचलायच्या आधी हुक तपासतात, माहीत आहे का? आणि खाली कुणी उभं राहू नका, वजन सुटलं तर..."

"काका, तुमच्यापेक्षा माझी इस्त्री जड आहे," इस्त्रीवाला म्हणाला. तिघं हसले. क्रेनवाल्याच्या चेहऱ्यावर असा रंग बऱ्याच दिवसांनी आला होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी खुर्ची टेकवली, दम घ्यायला. आता एकच जिना राहिला. वरच्या दाराच्या फटीतून उजेड पायऱ्यांवर आला होता. खिडकी उघडीच असणार.

तेवढ्यात खालून धाडधाड पावलं. जोडपं परत आलं होतं. समुद्र खवळल्यानं लाँच सुटलीच नव्हती.

"अरे बापरे! मावशी, काय झालं बाबांना?" मुलगी धावत वर आली. "कुठं नेताय?"

आणि डोकं काही ठरवायच्या आत किल्लीबाईचं तोंड बोलून गेलं. "खाली. डॉक्टरकडं. गच्चीवर हवेला नेलं होतं."

इस्त्रीवाल्यानं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते तसंच मिटलं. राहिला क्रेनवाला. त्यानं एक शब्द काढला असता तरी सगळं पालटलं असतं. त्यानं बायकोकडं पाहिलं, वरच्या उजेडाकडं पाहिलं. बायकोला परक्यांपुढं खोटं पाडणं त्याला कधी जमलं नव्हतं. "हो, डॉक्टरकडंच," तो म्हणाला. "जरा छाती धरलीय."

"मावशी, तुम्ही सरका. मी धरतो," मुलगा म्हणाला. सॅक खांद्यावरून काढून बायकोकडं दिली आणि त्यानं अलगद खुर्ची उचलली. त्याच्या हाताला ताकद होती, मनात माया होती. एक धक्का लागू न देता त्यानं क्रेनवाल्याला तिन्ही मजले खाली उतरवलं.

किल्लीबाईला वाटलं, चादरींच्या खोलीपाशी सांगू, आता बरं वाटतंय म्हणून. पण मुलीनं तोवर टॅक्सी बोलावली होती, स्वतः पुढं बसली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि घरी सोडायला साफ नकार दिला. भिंतीकडेची खाट, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. क्रेनवाल्यानं तो बाजूला सारून विचारलं, "हा कितवा मजला?"

"तळमजला," ती म्हणाली. त्यानं मुखवटा परत लावून घेतला.

संध्याकाळी ती ठरवून लॉजवर आली. वाटेत वाक्य घोकत होती: पोरांनो, खोली सोडा, मला माझ्या माणसाला घरी आणायचंय. दारातच मुलगी भेटली, हातात फळांची पिशवी. तिनं किल्लीबाईला मिठीच मारली. "मावशी, आम्ही ठरवलंय. बाबा घरी येईपर्यंत आम्ही कुठं जात नाही. अशा वेळी तुम्हाला एकटं कसं सोडायचं?"

त्या पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून किल्लीबाई म्हणाली, "बरं."

पहाटे तो गेला. ती शेजारी होती, पण तो भिंतीकडं तोंड करून होता.

नेताना बंदरावरची माणसं आली, इस्त्रीवाल्यानं खांदा दिला, दुसऱ्या बाजूनं त्या मुलानं. सगळं आटोपल्यावर जोडपं सामान बांधायला वर गेलं. किल्लीबाई किल्ली घ्यायला मागोमाग चढली. मुलगी खिडकीशी उभी होती, डोळे सुजलेले.

"मावशी, इस्त्रीवाले काका सांगत होते, बाबांची क्रेन इथून दिसते म्हणून. त्यांना एकदा तरी वर आणायला हवं होतं हो."

"ही आमचीच खोली," किल्लीबाई म्हणाली. "तुम्ही गेल्यावर आम्ही येणार होतो."

मुलगी मटकन खाटेवर बसली. "पण मी विचारलं होतं! अडचण नाही ना, असं विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. फार चांगलं विचारलं होतंस."

"आणि त्या दिवशी जिन्यात..." मुलगा म्हणाला.

"वर आणत होतो."

तो सॅकचा पट्टा हातात धरून तसाच उभा राहिला. स्वतःच्या हातांकडं पाहत. मुलगी ओक्साबोक्शी रडू लागली. किल्लीबाईचा हात सवयीनं तिच्या पाठीकडं गेला, मध्येच थांबला आणि परत आला.

"रड बाई," ती म्हणाली, "पण खाली जाऊन रड."

ती दोघं गेली. तिनं दार लावून घेतलं, खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसली. एवढी वर्षं या खोलीत राहून ती या खिडकीत कधी बसली नव्हती. तो बसायचा; एकेक जहाज दाखवून हे कुठलं, यात काय भरलंय, किती खोल बुडालंय ते सांगायचा, आणि ती मागं उश्यांचे अभ्रे चढवत हं हं म्हणायची. समोर एक मोठं जहाज हळूहळू आत आलं, धक्क्याला लागलं, दोर टाकले गेले. ते कुठून आलं, कोळशाचं होतं की धान्याचं, तिला काही कळलं नाही.