तिकिटाएवढं भूत

वयाच्या तेविसाव्या वर्षी मी एका भुताच्या डोक्यावर ॥ श्री ॥ लिहिलं होतं.

लग्न होऊन मी डोंबिवलीत नवीनच आले होते आणि आमच्या कॉलनीच्या गणपतीत भुताचं नाटक बसत होतं. मला चित्रकला येते, हे मी सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवताच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, तेव्हा पोस्टर ओघानेच माझ्याकडे आलं. आमच्याकडे कुठलाही कोरा कागद ॥ श्री ॥ शिवाय सुरू होत नसे. हात सवयीने वर गेला, श्री लिहून मोकळा झाला, आणि मग मी खाली वेताळ काढला. वेताळाच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला वड, वडावर घुबड, घुबडामागे चंद्र, विहिरीतून वर आलेला हात, पांढऱ्या साडीतली बाई आणि पायाशी कवट्या. तरी एक कोपरा रिकामा राहिलाच. एवढा चांगला जाड कागद, कोपरा फुकट का घालवायचा? तिथे वीज पाडली. उरलेल्या जागेत मंडळाच्या कार्यकारिणीची नावं.

नाटकाला फक्त कलाकारांच्या घरची माणसं आली. पुढे कितीतरी दिवस मी ह्यांना ऐकवत होते की डोंबिवलीकरांना कलेतलं ओ की ठो कळत नाही. शेवटी समोरच्या चाळीतले एक काका म्हणाले, "वहिनी, रस्त्यापलीकडून मला ती भाजीची गाडी वाटली हो." त्या काकांशी मी दिवाळीपर्यंत बोलले नाही. अशी होते मी. रंग कमी आणि तोरा जास्त.

ही गोष्ट मी माझ्या नातीला सांगितली ती तिचं मन रमवायला. मुलीची मुलगी. तिचं घर कळव्याला. तिथे दोन खोल्या, धाकट्याची दहावी आणि दिवसभर टीव्ही, म्हणून कॉम्प्युटर घेऊन ती माझ्याकडे आली. आमची कॉलनी पाडून आता तिथे लिफ्टवाली इमारत झाली आहे. पाचव्या मजल्यावर मी एकटी. हे गेल्यापासून आतली खोली बंदच असायची, ती तिला दिली.

ती एक गेम बनवत होती. एकटीच. भीतीची. खेळणारा कुरियरवाला असतो, त्याला एका रिकाम्या इमारतीत मजल्यामजल्यावर पाकिटं पोचवायची असतात, आणि एका दारामागे कुणीतरी असतं. मी म्हटलं, "त्यात घाबरायचं काय? आमच्याकडे तर रोज येतो." ती म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार." मला हे वाक्य फार आवडतं. मी स्वतः ते आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं आहे.

गेम जवळजवळ तयार होती. अडलं होतं एका चित्रावर. ह्या गेम जिथे विकतात त्या दुकानात शेकडो गेमची चित्रं एकाखाली एक लावलेली असतात, प्रत्येक पोस्टाच्या तिकिटाएवढं. बघणारा अंगठ्याने सरकवत जातो. तुमच्या तिकिटावर अंगठा थांबला तर ठीक, नाहीतर दोन वर्षांची मेहनत सरकून वर. तिची गेम तिथे 'लवकरच येणार' म्हणून आधीच लावलेली होती, पण तिच्यावर कुणाचाच अंगठा थांबत नव्हता. बेंगळुरूच्या एका कंपनीची नोकरी तिला चालून आली होती आणि तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत लोक आले तर आले, नाहीतर मुकाट्याने बॅग भरायची.

म्हणजे आतली खोली पुन्हा बंद. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

तिचं पहिलं चित्र बघितलं आणि मला माझा वेताळ भेटला. अंधारा जिना, रक्त, सावली, लोंबणारी वायर, एक बाहुली, आणि वर गेमचं नाव, तेही अक्षरांतून रक्त गळतंय असं. मोठ्या पडद्यावर छान होतं. मी म्हटलं, "फोनवर लहान करून दाखव. आणि तिकडे हॉलच्या टोकाला जा." मी ओट्यापाशी उभी राहिले.

"काय दिसतं?"

"जळलेली पोळी."

"आजी!"

"करपलेली म्हणू?"

मग हा आमचा खेळच झाला. ती रोज नवीन चित्र करायची, हॉलच्या टोकाला फोन उंच धरून उभी राहायची आणि मी ओट्यापाशी डोळे बारीक करायचे. वांग्याचं भरीत. निवडायची राहिलेली मेथी. एकदा तर चष्म्याची जाहिरात. ती चिडायची, पण पुसायचीही. आधी बाहुली गेली, मग वायर, मग रक्त. नावातली गळणारी अक्षरं गेली आणि साधी, जाड आली. रंग काढून नुसतं काळं-पांढरं करूनही ती बघायची, उजेड-अंधार तेवढ्यात वेगळे दिसतात का म्हणून. एक वस्तू राहू दे, एकच, असं ती स्वतःशी पुटपुटायची. पण ती एक कुठली, ते सापडत नव्हतं. मी सुचवलं, "एखादं घुबड?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प पोळ्या लाटायला लागले.

आता जरा माझ्याबद्दल. माझ्या दाराशी एक स्टूल आहे. चपला घालायला म्हणून ठेवलंय, असं मी सांगते. दुपारी मी तांदूळ निवडायला तिथेच बसते. वाटाणे सोलायला तिथेच. मोबाइलवर बहिणीशी बोलायलाही तिथेच. ती ठाण्यात खोपटला राहते आणि तिला मी सांगते, मला बाई क्षणाची फुरसत नाही. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली की तिचा आवाज वेगळा येतो. तो आला की मी बेल वाजायच्या आधीच साखळी अडकवून दार फटभर उघडते. बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडे कुणी आलेलं असतं. कुरियरवाला माझ्याकडे आला तर मी त्याला पाणी विचारते, गाव विचारते, लग्न विचारते. नात येते तेव्हा तिच्याकडे किल्ली असते, कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक असतं. "आले गं" म्हणते आणि आत जाते. माझ्याकडे तेव्हा नेमकं काहीतरी काम निघालेलं असतं. मी ते काढतेच.

फराळाची भाजणी करायला घेतली त्या सुमारास ती एक नवीन चित्र घेऊन हॉलच्या टोकाला उभी राहिली. नुसता फोन वर धरला.

सगळा अंधार. मधून वरपासून खालपर्यंत पिवळ्या उजेडाची एक बारीक पट्टी. पट्टीत एक डोळा. डोळ्याखाली आडवी साखळी.

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. मी म्हटलं, "अगं, कोण ही म्हातारी? केव्हाची वाट बघतेय ही?"

मी दोन पावलं पुढे गेले. आणखी दोन. साखळीला गाठ मारलेला लाल दोरा दिसला. तो मीच बांधला होता, साखळी खळखळू नये म्हणून. लिफ्टमधून उतरताना तिने मला टिपलं होतं.

भाजणी करपली. मी तिच्यावर फार ओरडले. न विचारता फोटो काढतात का? माझे पैठणीतले इतके चांगले फोटो आहेत ते दिसले नाहीत? जगभर दाखवणार, आजीला उद्योग नाही, दाराला डोळा लावून बसते? खोपटच्या मावशीआजीने बघितलं म्हणजे?

"कुणाला कळणार आहे आजी, तू आहेस ते?"

"मला कळेल ना!"

तिने चित्र लगेच पुसलं. वाद घातला नाही, हेच वाईट. मी उरलेला दिवस स्टुलावर बसले नाही. सोफ्यावर बसले, पेपर उघडून. लिफ्ट चार वेळा थांबली असेल. काय सांगू, मान तेवढ्याच वेळा वळली.

मग एका सकाळी ती गॅलरीत फोनवर बोलताना ऐकू आली. बेंगळुरूत खोली किती जणींत मिळते, ऑफिसपासून किती लांब, कपाट असतं का. आवाज अगदी शहाण्या मुलीसारखा. माझ्यातली ती तेवीस वर्षांची बया अजून पदर खोचून उभीच होती, चित्र चांगलं दिसण्यापेक्षा मी चांगली दिसले पाहिजे म्हणून. मी तिला म्हटलं, बाई गं, तू बस आता.

नात आत आली तेव्हा मी डबा पुसत होते.

"ते चित्र पुसलंस?"

"हो. म्हणजे... कॉपी आहे."

"असणारच. लाव ते."

"नक्की?"

"लाव म्हटलं ना. सुरकुत्या असू देत. नाक तेवढं कमी कर."

"नाक दिसतच नाहीये आजी."

"मग ठीक आहे. घुबड खरंच नको ना?"

लोक आले. धो धो नाही, पण अंगठे थांबायला लागले. ती रोज सकाळी आकडा बघायची आणि मला सांगायची नाही, पण चहा पिताना पाय हलायचा त्यावरून मला कळायचं. दिवाळीला तिचे आईवडील आले तेव्हा जावईबापूंनी चकली खात खात तो आकडा स्वतः तपासला, चष्मा काढून पुन्हा तपासला आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघू." बॅग माळ्यावरच राहिली.

भाऊबीज झाली आणि ती दोघं कळव्याला परत गेली. घर एकदम शांत झालं. नात आतल्या खोलीत, कानात बोंडूक. मी स्टुलावर. नातीने माझा फोटो जगाला दाखवला खरा, पण आम्ही दोघी त्या फोटोबद्दल त्यानंतर अवाक्षर बोललो नव्हतो. ती मला बघून थांबायची, काहीतरी बोलायला जायची, आणि मी वाटाण्यांकडे बघायचे.

मग एके दिवशी तिला ठाण्याला जायचं होतं, गेमला आवाज देणाऱ्या मित्राकडे. चपला घालायला ती माझ्यापाशी आली. मी उठून स्टूल द्यायला लागले तर म्हणाली, बस. एका पायावर उभी राहून तिने सॅन्डल चढवली. खिशातून किल्ली काढली, माझ्या मांडीवरच्या ताटलीत, वाटाण्यांवर ठेवली. म्हणाली:

"ही असू दे घरीच. मी बेल वाजवत जाईन. आणि लगेच उघडायचं नाही हां आजी, आधी साखळीतून बघायचं, तसंच."