आतोबांचं मत

निजामाच्या साऱ्या मुलखात मतदानाचं वेड लागलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्या मोगलाईत तेव्हा मत नावाची वस्तूच नव्हती. वर हुजूर, खाली तहसीलदार, त्याच्याखाली पाटील आणि उरलेले आम्ही सगळे हात जोडून उभे. गावात जे मिळत नाही त्याचाच ध्यास घ्यायचा, हा आतोबांचा स्वभाव. कडा नावाच्या बाजारपेठेजवळच्या आमच्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं आणि गाव त्यांना आप्पा म्हणे. माल भरायला ते इंग्रजी हद्दीत, नगरला जात. तिथे म्युनिसिपालिटीची निवडणूक लागली की गूळ-खोबरं विसरून मतदानाच्या जागेसमोर ठाण मांडत. त्यांना स्वतःला तिथे मत नव्हतंच. शिपाई हाकलायचा, की हे रस्ता ओलांडून समोर जाऊन बसायचे. आत्या म्हणायची, "लोकांचे नवरे तमाशाला जात्यात, आमचे विलेक्शनला. तमाशा बरा, पहाटं संपतो तरी."

परत आले की दुकानाच्या पायरीवर बसून, कोण कुणाला मत टाकतो आणि कशापायी, हे ते सांगत, आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. "पैलवानाचं काय घेऊन बसला? वस्तादाला पुसल्याबिगर तो जांभई देत न्हाई. सोनार बघतो, औंदा कोनाच्या घरी लगीन हाय. अन् दोन वकील असले की एक इकडं, एक तिकडं." मी एकदा विचारलं, "मग नळासाठी, रस्त्यासाठी कोण मत देतं?" आतोबा खदखदून हसले. "त्याच्यासाठी भाषन देत्यात बे, मत न्हाई." हसून झाल्यावर मात्र तराजूचं रिकामं पारडं पुसत बसले. माणसं अशी का वागतात हे ज्याला इतकं कळतं त्याला सुखाची झोप लागत नसावी.

आणि एका उन्हाळ्यात मत गावात आलं. तहसीलदारांनी गावाला सरकारी विहीर मंजूर केली आणि जागा गावानेच ठरवावी, असा हुकूम दिला. पाटलांना ती आपल्या मळ्याच्या बांधाशी हवी होती. आतोबांना ती हवी होती ओढ्याकाठी, वेशीबाहेरच्या वस्तीजवळ. तिथल्या बायांना गावच्या आडाला हात लावायची बंदी. कुणी वरून पाणी ओतेपर्यंत त्या घागरी घेऊन उन्हात तिष्ठत बसत. आतोबा तहसीलदारांकडे गेले, पाया पडले आणि मतदानाची परवानगी घेऊन आले. देवळासमोर आत्याच्या जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. पडद्याआड दोन मडकी, उजवं पाटलांच्या जागेचं, डावं ओढ्याचं. प्रत्येक घराने ज्वारीचा एकेक दाणा टाकायचा. वेशीबाहेरच्यांच्या दाण्याने मडकं बाटेल, अशी ओरड झाली, तेव्हा आतोबा गरजले, "कच्च्या दान्याला इटाळ कावून आला? तुमच्या कणगीत कोनाच्या हातची ज्वारी हाय?" पडद्याआडचं कुणाला दिसत नाही, कुणाला भ्यायचं कारण नाही, हे ते दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. इतके आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मडकी उपडी केली. समोरासमोर जोड्या लावत दाणे मांडले, तर कुठेच दाणा शिल्लक उरेना. घरटी एक दाणा सांगितला होता, भरले दुप्पट. लोकांनी घरून आणखी एक आणला होता. देव्हाऱ्यात दोन मुखवटे असले तर एकालाच फूल वाहून कसं चालेल? प्रत्येकाने दोन्ही मडक्यांना हात जोडले होते आणि दोन्हींत दाणा टाकला होता.

आतोबा पुन्हा पहिल्यापासून जोड्या मोजू लागले. तेवढ्यात पाटील अगदी अदबीने म्हणाले, "आप्पा, तुमचंच मत ऱ्हायलं की."

ते खरंच राहिलं होतं. रिकामी मडकी पुन्हा पडद्याआड जागच्या जागी ठेवली. आतोबा दाणा घेऊन पडद्यामागे गेले. पाटील आणि त्यांची भावकी म्हणजे आतोबांचं निम्मं गिऱ्हाईक, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आतोबा लवकर येईनात. आले ते कुणाकडेही न बघता आले. मी धावत जाऊन पाहिलं. दाणा उजव्या मडक्यात होता.

वेशीबाहेरची म्हातारी रखमा दूर उभी होती. तिने तिथूनच हाक दिली, "आप्पा, जीवाला लावून घेऊ नगा. आमी बी पाटलाच्या मडक्यात टाकलाच की. उद्या त्याच्याच रानात जायाचं हाय." ती रागावली असती तर बरं झालं असतं. आतोबांनी तोंडावर उपरणं ओढून घेतलं.

विहीर बांधाशी झाली. वस्तीतल्या बाया आता आणखी लांब चालत जाऊन तिष्ठू लागल्या. आतोबा नगरची वाट सोडून दूरच्या, पण मोगलाईतल्या, अंबाजोगाईहून माल आणू लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता; आला नाही. पुष्कळ दिवसांनी धीर करून विचारलं, "आतोबा, त्या दिवशी पडद्यामागं एवढा वेळ काय करत होता?"

ते गुळाच्या ढेपेवरच्या माशा वारत राहिले. मग म्हणाले, "दुसरं मडकं हुडकत हुतो बे. दिसलंच न्हाई."