मैनाबाईचं मडकं अन् अंजूचा साबण

पिंकी, वही काढ. शाळेतून विचारलं ना तुले, संस्कृती म्हणजे काय म्हणून? मी काई शाळेत गेली नाई, मले त्याचा अर्थ सांगता येत नाई. पण शेजारच्या मैनाबाईच्या घरी औंदा वैशाखात काय झालं ते सांगतो, तेच लिव. अन् मराठीत लिव, मधीच हिंदीत घुसू नको.

मैनाबाई म्हणजे लांब पोळीवाली. कटंगीपासून तुमसरपर्यंत कोनालेबी विचार! चुलीवर मडकं पालथं घालाचं. कणीक पातळ भिजवून परातीत आपटू आपटू रबरासारखी कराची. मंग गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवाचा अन् फट्टकन मडक्यावर टाकाचा. पोळी निंगते रुमालासारखी. उन्हाळ्यात आमरसासंग ते नसली तं पाहुणचार कसला व?

कोनाचं लगन असो, बारसं असो, मैनाबाईले बलावणं. पण आपल्या घरात चुलीजवळ कोनाले बसू देत नव्हती. सून अंजू आली बालाघाट शहरातून, तेवीस वर्सं झाले. बिचारी म्हणे, "अम्मा, मैं भी सीखूं?" तं ही म्हणे, "हट तिकडं. तुले नाई जमत."

मांगच्या साली हापशीवर पाय घसरला अन् मैनाबाईचं मनगट मोडलं. प्लास्टर निंगालं, पण हात काई पयलेसारखा वळत नाई. अन् वैशाखात नातीचं, अंजूच्या रचनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. तुमसरचे चाळीस पाहुणे! अंजूचा नवरा म्हणे हलवाई लावू. मैनाबाई अशी भडकली का इचारू नको. "माह्या नातीच्या साक्षगंधात पुऱ्या? काहून, मी मेली का?"

त्या दिवशी सकाळीच मी आंबे पिळाले बसली, कोपरापर्यंत पिवळी. चूल धडधड पेटली, मडकं तापलं. मैनाबाईनं कशीतरी पयली पोळी टाकली अन् बाप्पा रे! मडक्यातून फेस! बुडबुड बुडबुड! अन् साऱ्या आंगणात धुण्याचा वास.

"अव, हे कोनाचं काम?"

अंजू दारात उभी, तोंड एवढुसं झालेलं. "अम्मा, वो... मेहमान आएंगे ना. मडका कितना काला था. कल मैंने साबुन से घिस दिया. तार की घासणी से. तीन बार."

"तीन डाव!" मैनाबाई मटकन खाली बसली. "अठरा वर्सांचं मडकं माहं! त्यापेक्षा माह्या कपायावर घासणी मारली असती व!"

मातीनं साबण पिऊन घेतलेला. आता ते किती धुवा, वास जाणार नाई. अन् मले, काय सांगू पोरी, हासूच आवरेना.

"तू रस पिळ!" मैनाबाई माह्यावर खेकसली.

तेवढ्यात रचना पळत आली. "आजी, वो लोग कटंगी पहुंच गए! फोन आया!"

म्हणजे अर्धा घंटा. मंग मी बोलली, काहून नाई बोलू? "मैना, सुनेवर कावू नको. तेवीस वर्सं तिले मडक्याले हात लावू दिला असता, तं तिले ठाव असतं का ते काळंच ठेवतात."

मले वाटलं आता मैनाबाई मले हाकलते. पण ते उठली, घरातून लाखोळीच्या दाळीचं मडकं आणलं, सारीच्या सारी दाळ खाटेवर ओतली, मडक्याले तेल-मिठाचं पाणी चोपडलं अन् चुलीवर पालथं घातलं. एक पोळी फाटली. दुसरी फाटली. मनगटच वळेना.

"अंजू! इकडं ये. हात समोर कर."

"मैं?"

"तू नाई तं कोन, तुमसरची इहीन?"

सुनेच्या मांगं उभी राहून तिच्या हातांखाली आपले हात घातले अन् गोळा ठेवला. "दाबू नको व, लटकू दे! ओल्या लुगड्यासारखं झेल!"

"अम्मा, फट जाएगा!"

"फाटू दे! आपल्या कुत्र्यालेबी आज पाहुणचार पायजे!"

कुत्र्यानं सहा खाल्ल्या. सातवी उडाली अन् मडक्यावर बसली, पुरी, गोल, एक छेद नाई! आमी साऱ्या बाया अशा ओरडलो, मी तं रसाचे हात वर करून नाचली! अन् तेवढ्यात पाहुणे आंगणात. त्याहिले वाटलं, हे त्याहिच्याच स्वागताचं. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणते, "जय भीम, जय भीम, एवढं कशाले!"

वंदना झाली, अंगठ्या झाल्या, पंगत बसली. नवरदेवाची माय रुख्माबाई मोठी चोखंदळ. पोळी उजेडात धरली, पलीकडचं पाह्यलं, रसात बुडवून खाल्ली. अंजू दाराआड, पदर तोंडात.

"इहीनबाई, हात मोडला म्हणत होते तुमचा. पण हात तं तसाच हाय!"

मैनाबाईनं दाराकडं पाह्यलं. तिच्यासाठी पुढचं बोलणं सोपं नव्हतं, मले माहीत हाय.

"माहा नाई," ते म्हणाली. "माह्या सुनेचा."

"मंग लगनात सुनेनं मडकं घेऊन याचं!"

अन् गेली ना अंजू! तुमसरच्या बसमधी मडकं मांडीवर घेऊन, लेकराले धरते तसं. साबणाच्या मडक्यात मैनाबाईनं मिरचीचं रोप लावलं. दुसरं आता चुलीजवळ टांगलं असते, काळंभोर. काल मी सहज पदरानं धूळ पुसाले गेली, तं अंजू आतूनच कडाडली,

"मावशी, हात मत लगाना! काळंच राहू द्या!"