डाव्या हातातली नोट

मोरजीत मामांच्या औषधांच्या दुकानात मी बसायचे. एकदा दुकान उघडताच लाल डोळ्यांची एक रशियन म्हातारी आली. तिने थेंबांची रिकामी बाटली दाखवली, ‘लेवोमित्सेतिन’. तेच औषध आमच्याकडे दुसऱ्या नावाने होतं. तिने डाव्या हाताने नोट पुढे केली.

“बाये, सकाळची भवानी. डाव्या हातान दिवचें न्हय,” म्हणत मामांनी नोट परतवली. मी ओशाळून तिला इंग्रजीत समजावलं.

ती रागावली नाही. बाटलीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, “लेवो म्हणजे डावं, मित्सेत म्हणजे बुरशी. या औषधाच्या रेणूचं डावं रूपच गुण देतं. उजवं तसंच दिसतं, पण कामाचं नाही.”

मग नोट उजव्या हातात घेऊन तिने किंचित वाकून मामांपुढे धरली. मामांनी ती कपाळाला लावली. मला मान वर करता आली नाही.