खांबाखांबानं पातूर

तुम्ही एसटीनं हजार वेळा प्रवास केला असेल, पण कंडक्टरचे पाय कधी पाहिलेत का? मीही पाहिले नव्हते. अकोला ते पातूर असं रोजचं अपडाऊन करणाऱ्या माणसाचं लक्ष खिडकीबाहेर असतं, नाहीतर शेजाऱ्याच्या डब्याच्या वासाकडे. पायांकडे मी पाहायला लागलो ते आमच्या कंडक्टरबाईंमुळे. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा, आणि गाडी कितीही हेलकावे खावो, बाई कशालाही न धरता मधल्या वाटेत उभ्या. पावलं जराशी फाकवलेली, गुडघे किंचित सैल. कुणी तोल जाऊन अंगावर आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "दांडीले काय लटकता? पायावर उभे राहा न."

हे वाक्य पहिल्याच आठवड्यात माझ्याही वाट्याला आलं. मी तेव्हा पातूरच्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. राग माझ्या नाकावर असतो, हे माझे विद्यार्थीही सांगतील. मी म्हणालो, "मी शिक्षक आहे. मला उभं राहायला शिकवू नका."

"शिक्षक आहा म्हनूनच सांगून राह्यली," बाई म्हणाल्या. "बाकीच्यायले सांगून समजत नाई."

सगळी गाडी हसली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

पुढं पंधरा वर्षं मी त्यांच्या गाडीनं गेलो-आलो, आणि त्यांची हकिगत तुकड्यातुकड्यानं कळत गेली. नवरा ड्रायव्हर होता, आजारानं गेला. त्याच्या जागी अनुकंपावर यांना नोकरी मिळाली तेव्हा वय तीस, पदरात एक मुलगी. तोवर बाई एकट्यानं बाजारालाही गेल्या नव्हत्या. पहिला महिना रोज गाडी लागायची, रोज उलटी. दुसऱ्या महिन्यात उभ्या राहिल्या त्या कायमच्या.

मग दोन वर्षांपूर्वी चिखलगावच्या थांब्यावर एका म्हातारीचं तुरीच्या शेंगांचं गाठोडं उतरवून देताना बाईंचा पाय शेवटच्या पायरीवरून चुकला. उजवा गुडघा गेला. अमरावतीला भाऊ राहतो, तिथं ऑपरेशन झालं, आणि सहा-सात महिने बाई आम्हाला दिसल्याच नाहीत.

परत आल्या त्या ओळखू येईनात. अंगानं सुटलेल्या, केस पांढरे, हातात काठी. मुलगी लग्न होऊन अचलपूरला गेलेली, म्हणजे घरात त्या एकट्याच. त्यात पाळी जाण्याचे दिवस. "चुलीपुढं बसल्यावानी आंग तापते आन् झोप त येतच नाई," असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. डेपोनं त्यांची सोय चांगली केली. पासाच्या खिडकीत पंख्याखाली खुर्ची दिली. दिवाळीआधी मेडिकल होईल, त्यात फिट निघाल्या तर पुन्हा गाडीवर, नाही निघाल्या तर कायमची खिडकी.

आम्हा अपडाऊनवाल्यांना वाटलं, बाईंना लॉटरीच लागली. ना उन्हातान्हातले धक्के, ना कुणाशी सीटवरून भांडणं. मी पास काढायला गेलो तेव्हा तसं बोलूनही दाखवलं. "नशीब काढलंत बाई."

त्यांनी माझा पास जाळीतून बाहेर सरकवला. म्हणाल्या, "गुरुजी, नवरा गेला तवा एक साल बसून होती मी घरात, भितीकडं पाहत. तिथून मले उठवलं ते या गाडीनं. आता सारे मिळून मले परत बसवून राह्यले. बसन्याचं लय भेव वाटते मले."

मी पास घेतला आणि निघालो.

त्याच उन्हाळ्यात माझी शुगर निघाली. डॉक्टरपेक्षा बायको कडक, तिनं मला पहाटे घराबाहेर काढलं. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर अर्धं अकोला सकाळी चालायला येतं. मी दोन चकरा मारायचो आणि गेटापाशी गरम आलुबोंडा खायचो, म्हणजे आरोग्याच्या नावानं चांगभलं. तिथं एका सकाळी बाई दिसल्या. एका हातात काठी, साडीखाली शाळेतल्या पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या गेटापासून दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. घामानं ब्लाऊज भिजला होता.

"किती झालं?" मी विचारलं.

"हिंगन्यापावतर गेली."

मला वाटलं, उन्हानं बाईंचं डोकं फिरलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. गेट म्हणजे अकोल्याचं स्टँड. तिथून प्रत्येक दोन खांबांना एक थांबा. हिंगणा, मग कापशी, मग चिखलगाव, आणि मधली सगळी फाट्यांची नावं त्यांना पाठ. रस्ता जिथं संपतो आणि संत्र्याची झाडं लागतात, ते पातूर. प्रत्येक थांब्याला गाडी थांबते तेवढा वेळ थांबायचं.

"थांबायचं कशाला? चालायलाच आलो ना आपण?"

"पॅसेंजर चढते न," बाई म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मी हसणं आवरलं.

हिंगणा आठ दिवस पुरलं. कापशीला पोहोचायला महिना लागला. दरम्यान मी एकदा दुपारी डेपोत गेलो तर खिडकी बंद, 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी, आणि आत टेबलावर डबा न उघडलेला. मागच्या भिंतीशी एक जुनी, भंगारात निघालेली गाडी उभी होती. बाई तिच्या पायऱ्या चढत होत्या आणि उतरत होत्या. दोन्ही हातांनी दांडा धरून. खाली आल्या की थोडं थांबायचं, ओठ मिटायचे, पुन्हा वर. वर्कशॉपचे मेकॅनिक पहिले दोन दिवस चढउतार मोजत होते म्हणे, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि नुसते कामाचा आवाज कमी करू लागले. मी तिथं कशाला गेलो होतो तेच विसरून परत आलो.

आषाढ संपेपर्यंत त्या चिखलगावला पोहोचल्या, काठी घरी ठेवून. आणि श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. त्याच गुडघ्यावर. पपईएवढा सुजला. तीन आठवडे अंथरुणात. मेडिकल दोन-अडीच महिन्यांवर आलेलं.

पुन्हा रस्त्यावर आल्या तेव्हा हातात काठी होती. मी गेटापाशीच होतो, हातात आलुबोंडा. मला खरंच वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी उपदेश करतो. म्हणालो, "बाई, आता सोडा. शरीर सांगतं ते ऐकावं माणसानं. वय झालं आपलं."

"गाडी रस्त्यात फेल झाली म्हनजे रूट बंद करते काय कोनी?" त्या म्हणाल्या. "डेपोतून दुसरी काढा लागते."

आणि निघाल्या. दुसऱ्या खांबापर्यंत गेल्या, पॅसेंजर चढेपर्यंत थांबल्या, परत आल्या. एवढ्या महिन्यांची चाल वाया गेलेली बाई पुन्हा पहिल्या थांब्यावर त्याच तोंडानं उभी राहू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्यानं आलुबोंडा पुढं खाववला नाही. तो कागदात गुंडाळून मी त्यांच्या मागं चालायला लागलो, आणि खरं सांगतो, मला माझी लाज वाटली.

भादव्याच्या अखेरीस काठी पुन्हा सुटली आणि त्यांनी नवंच काढलं. सुट्टीच्या दिवशी आमच्या गाडीत प्रवासी म्हणून चढायचं आणि जागा रिकामी असली तरी पातूरपर्यंत उभं राहायचं. हात कोपरात दुमडलेले, मोकळे. वळणावर चेहरा पिळवटायचा, पण हात दांडीकडे जायचे नाहीत. गाडीतल्या बाया बसा म्हणून आग्रह करायच्या. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या गाडीत बायाच जास्त. बाई मान हलवायच्या आणि पायांकडे पाहत राहायच्या.

एका शनिवारी बाई अशाच उभ्या होत्या. ड्युटीवरचा कंडक्टर म्हणजे पन्नाशीचा, पान खाणारा, चांगला भरदार माणूस. कापशीच्या पुढं एका फाट्यावर चार बाया चढल्या, आणि कंडक्टर जरा बाभळीच्या आडोशाला गेला. चढलेल्यांपैकी एकीनं धाडकन दार लावलं. दार लागल्याचा आवाज आला आणि आमच्या बाईंचा हात वर गेला. दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. तेवीस वर्षं दार लागलं की जे केलं, ते हातानं केलं. बाई तेव्हा पायांच्याच विचारात होत्या.

ड्रायव्हरनं गाडी काढली. बाईंनी घंटी दिली म्हणजे ती त्याला ओळखीची वाटली असणार.

अर्धा किलोमीटर गेल्यावर एका बाईनं विचारलं, "तिकीट कोन देते व आज?" तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. गाडी रस्त्याकडेला थांबली. चौपदरी रस्ता, मध्ये दुभाजक, वळायचं तर खूप पुढं जावं लागणार, आणि भरधाव ट्रकांपुढं मागं घेण्याची सोय नाही. मागं वळण असल्यानं कंडक्टरला गाडी दिसत नव्हती. त्याचा फोन सीटवरच्या पिशवीत. तो तिथंच वाट पाहत राहिला असता, तर गाडी बिनकंडक्टरची पातूरला पोहोचली असती आणि बिचाऱ्याला विनाकारण नोटीस मिळाली असती. कुणीतरी जायला हवं होतं. आम्ही बापेमाणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला.

बाई उतरल्या होत्या आणि पळत होत्या.

मीही उतरलो. शंभरेक पावलांत माझ्या बरगडीत कळ आली आणि मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. बाई पुढं गेल्या. एका हातानं निऱ्या वर धरलेल्या, पांढरे बूट डांबरावर पडतायत, उजवं पाऊल डाव्यापेक्षा जरा उशिरा, पण पडतंय. शेजारून ट्रक जायचा तेव्हा पदर उडायचा. त्या वळणाआड गेल्या. गाडीतल्या सगळ्या बाया खिडक्यांतून मागं पाहत होत्या. मी देवळात जाणारा माणूस नाही, पण त्या रस्त्यावर माझे हात आपोआप जोडले गेले, ते मी गुपचूप खिशात घातले.

थोड्या वेळानं दोघं येताना दिसली. कंडक्टर पुढं, घाईनं, हसावं की रागवावं ते न कळून. बाई मागून चालत, चेहरा लालबुंद. माझ्यापाशी आल्यावर थांबल्या. दम बसेपर्यंत त्यांना बोलता येईना. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "गुरुजी, पयाली न मी? तुमी पाह्यलं न?"

"पाहिलं," मी म्हणालो. "सगळ्यांनी पाहिलं."

"मले वाटलं, सपनात पयून राह्यली."

असं म्हणून बाई रडल्या. तेवीस वर्षांत त्यांना कुणी रडताना पाहिलं नसेल. मग डोळे पुसून गाडीत चढल्या आणि त्या कंडक्टरची सगळ्यांसमोर माफी मागितली. उरलेला रस्ता बसून केला. आम्हीच बसवलं.

मेडिकलच्या दिवशी विहारात वंदना करून त्या थेट दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी मला गेटापाशी भेटल्या. उठबस करायला लावली, जिने चढायला लावले, गुडघा वाकवून पाहिला. "मंग डॉक्टर म्हने, पयता येते काय? म्या म्हनलं, पन्नास साक्षीदार हायेत."

फिटचा कागद त्यांनी पिशवीतून काढून दाखवला. मी तो दोनदा वाचला.

तुम्हाला वाटेल, बाई आमच्या गाडीवर परत आल्या. तसं झालं नाही. अचलपूरला लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून त्यांनी स्वतःच शेजारचा परतवाडा डेपो मागून घेतला. तिथं त्यांना घाटाचा रूट मिळाला, चिखलदऱ्याचा. वळणावर वळण. आम्ही गाडीतच त्यांना एक साडी दिली. त्या गेल्या आणि आमच्या गाडीत आता सगळे दांडीला धरून उभे असतात, कुणी काही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांना फोन केला. पलीकडं गाडीचा आवाज, लेकरांचं रडणं, कुणीतरी कोंबडीसाठी अर्धं तिकीट मागत होतं. नातू कसा आहे, लेक कशी आहे, सगळं झालं. मग मी विचारलं, "आणि गुडघा?"



"कोनता जी?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही, त्यांना खरोखरच आठवावं लागत होतं. मग म्हणाल्या, "थांबा गुरुजी, माय उतरून राह्यली, तिचं गाठोडं देतो खाली," आणि फोन बंद न करताच खिशात टाकला. मी बराच वेळ माझा फोन कानाशी धरून बसून होतो.