वाचनालयाची सुईण

माझ्याकडून आयुष्यात गोंधळ बरेच झालेत. पण घरी बसून, सुवाच्य अक्षरात लिहून, भर सभेत स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलेला असा हा एकच. बसा, चहा येतोय. सांगतो.

पनवेलला आम्ही चारपाच जणांनी वाचनालय काढलं होतं. काढलं म्हणजे आम्ही नुसतं बोललो, केलं दामूशेठनी. दामूशेठ मूळचे गव्हाणचे, मिठागरवाले. बाजारात त्यांची वखार होती. तिच्या माडीवरची खोली त्यांनी वर्षाच्या बोलीने दिली, दोन कपाटं दिली, घरोघर फिरून वर्गणीदार मिळवले. वर्ष सरत आलं तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार ठरवला, आणि खोलीचं पुढे काय, ते मी हळूच विचारलं.

"सत्काराला बोलवताय ना?" ते म्हणाले. "तवा सांगतो."

याचा अर्थ खोली कायमची मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. फक्त सत्कार नीट व्हायला हवा होता. आणि मानपत्र लिहिणार कोण? वाचनालयाचा चिटणीस. म्हणजे मी.

आता माझं इंग्रजी. ते मी कुणाकडे शिकलेलो नाही. शब्दकोश पुढ्यात घेऊन वर्तमानपत्रातून वेचलंय. त्या आठवड्यात एका अग्रलेखात कुणा वयोवृद्ध पुढाऱ्याला नव्या राष्ट्राची 'मिडवाइफ' म्हटलेलं आढळलं. कोश उघडला. पहिला अर्थ, सुईण. दुसरा अर्थ, नवी गोष्ट जन्माला यावी म्हणून झटणारी व्यक्ती. मी इतका खूश झालो की जेवताना बायकोला दोनदा समजावून सांगितलं. आमची तिन्ही मुलं सुइणीच्या हातची. बायको म्हणाली, "आमटी घ्या."

समितीचे अध्यक्ष होते सॉलोमनमास्तर, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मसुदा वाचून त्यांनी चष्मा पुसला.

"चिटणीस, हा विलायती कोट आहे. दामूशेठच्या अंगावर चढवू नका."

"पण मास्तर, अर्थ बरोबर आहे ना?"

"अर्थ बरोबर आहे. माणूस मिशीवाला आहे."

"इंग्रजीत मिशीवाल्यालाच म्हटलंय."

"मग सभेला इंग्रज बोलवा."

मी ऐकतो कसला? एवढा शोध लावला तो काय कोशात मिटून ठेवायला?

सभेसाठी वखारीसमोर मांडव घातला. पहिल्या रांगेत शेठची आई, गव्हाणहून मुद्दाम आलेली. मी खणखणीत आवाजात वाचत गेलो आणि त्या वाक्याशी आलो: "म्हणूनच, शेठसाहेब, आपण या वाचनालयाची सुईण आहात."

टाळ्यांसाठी मी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. आजींनी शेजारणीला विचारलं, पण त्यांचा आवाज उघड्या मिठागरावर कमावलेला:

"कोन सुईन? आमचा दामू?"

इथे पुढचं वाक्य घ्यावं, एवढं कळायला काही कोश लागत नाही. मी मात्र कागद खाली केला आणि समजावू लागलो. "आजी, हे अलंकारिक आहे. वाचनालय हे बाळ. ते अडलं होतं. शेठनी हात दिला, सुखरूप सोडवलं, नाळ कापली..."

"कवा?"

"गेल्या वर्षी," मी म्हटलं. खरंच म्हटलं हो.

मांडव हसायला लागला. सॉलोमनमास्तर घाईघाईने शाल घेऊन उठले, तर आजींनी त्यांना अडवलं. "सुईनीला शाल कशाला? लुगडं द्या, नारळ द्या, सुपात तांदूळ द्या. तिचा मान हाय तो."

लुगडं मिळालं नाही, पण कुणीतरी वखारीतून सूप भरून आणलंच. शेठच्या खांद्यावर शाल, मांडीवर सूप, सुपात नारळ. ते हसत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते. सौदा तोडण्याआधी व्यापारी माल जोखतो, तसे सुपाकडे बघत होते. मग सूप बाजूला ठेवून उठले.

"मंडळी, मला भाषन येत नाय. आज खोलीचं काय ते सांगनार होतो. पन चिटनीसभाऊंनी लिवलंय ते मला पटलं. सुईन काय करते? बाळंतपन करते, मानाचं घेते न आपल्या घरी जाते. पोर काय ती संगं नेत नाय. पोर आईनं सांभाळायचं."

मी मानपत्राची सुरळी करायला लागलो.

"पन बाळंतिनीला सव्वा महिना कोन उठवत नाय. आमी पन उठवनार नाय. तवर खोली वापरा. मंग पोर आईच्या घरी."

"आई कोण, शेठ?" मागून कुणीतरी विचारलंच.

"येवढ्या कळा काढून ज्यानं लिवलं, तो."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी मास्तरांच्या कानाशी लागलो, "मास्तर, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? अर्थ बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

पुढचा सव्वा महिना मी जागेसाठी पनवेल पालथं घातलं. जागा मिळायची कशी? मी दारात दिसलो की लोक आधी "बाळ काय म्हणतंय?" विचारायचे आणि मग हसण्यातच बोलणं संपायचं. शेवटी कपाटं, बाकं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सगळं हातगाडीवर लादून आमच्या पडवीत आलं. गावाने पुढे कित्येक वर्षं तिथे बसून पेपर वाचला, आणि आमच्या घरच्यांनी तितकीच वर्षं मागच्या दाराने ये-जा केली.

सामान आलं त्या दिवशी शेवटचं कपाट भिंतीला टेकवून मी बाकावर बसलो. अंगातून घामाच्या धारा. बायकोला म्हटलं, माठातलं गार पाणी दे.

तिने तांब्या आणला. तोंडाला लावला तर पाणी कोमट, आणि त्यात बाळंतशोपा.

"हे काय?"

"ओल्या बाळंतिणीला गार पाणी देत नाहीत," ती म्हणाली.